साचा थांबत नाही

काकाजींनी इअरफोन कानातून काढले, वायरीचं वेटोळं करून माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "गिटार तूच वाजवून राहिला नं? मंग हा मागं कोन होय?" मी म्हटलं, कोणी नाही काकाजी, पोरीचा कीबोर्ड आहे. त्यात ढोल, ड्रम सगळं भरलेलं असतं, बटण दाबलं की वाजत राहतं. ते गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकून समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिले. मे महिन्यातली संध्याकाळ. ऊन जाऊन तासभर झाला होता, तरी कठड्याचं लोखंड अजून कोमट होतं. "तरीच म्हटलं," ते म्हणाले. "साच्यावानी वाजून राहिलं हे, बाबू. साचा तुह्यासाठी थांबत नाही. तुलेच त्याच्यासाठी थांबा लागते." मग त्यांना खोकला आला आणि खोकत खोकतच ते आत गेले.

चार दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना.

मशीनला जीव नसतो, मशीनमध्ये भाव नसतो, असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं. ते सगळेच म्हणतात. पण काकाजींचं उभं आयुष्य मशीनसोबत गेलंय. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराची आणि त्यांच्या घराची एक भिंत सामाईक आहे. लहानपणी रात्री दहा-साडेदहाला त्या भिंतीपलीकडे डबा भरल्याचा आवाज आला की समजायचं, काकाजींची रातपाळी. शहरातल्या एका गिरणीत ते तीस वर्षं विणकाम खात्यात होते. मागाला ते अजूनही साचा म्हणतात. दोन साचे सांभाळायचे. खात्यात आवाज इतका की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ वाचावे लागत, आणि ती सवय त्यांची अजून गेलेली नाही. आपण बोलत असलो की ते डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात. गिरणी बंद पडली, देण्याघेण्याचं जे झालं ते झालं, छातीत बसलेला कापूस मात्र तसाच राहिला. संध्याकाळी आणि पहाटे त्यांना खोकला येतो. कोरडा, तीन-चारच्या झुबक्यात येणारा. भिंत सामाईक असल्यामुळे तो आमच्याही घरात ऐकू येतो. इतक्या वर्षांत तो आम्हाला घड्याळाच्या टोल्यांसारखा झालाय. तर अशा माणसानं माझा ठेका ऐकून साच्याचं नाव घेतलं होतं. ते मी हसण्यावारी नेणं शक्यच नव्हतं.

मी ब्लूज वाजवतो, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. म्हणजे ऑफिसातून आल्यावर माडीवरच्या खोलीत बसून गिटारवर वाजवतो, थोडं गातो, आणि गेल्या काही वर्षांत लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो. नागपुरात हे वाजवणारे थोडे आणि ऐकणारे त्याहून थोडे, पण मला त्याची खंत नाही. कॉलेजात असताना सदर भागात राहणाऱ्या एका वर्गमित्रानं मला एक कॅसेट दिली होती. कव्हर नाही, नुसतं पेन्सिलनं लिहिलेलं एका ब्लूजवाल्याचं नाव, जॉन ली हुकर. रात्री सगळे झोपल्यावर टेपरेकॉर्डरचा आवाज अगदी बारीक करून मी ती लावली. एक गिटार, एक माणूस, आणि मागे कुठेतरी ठक ठक ठक ठक. मला वाटलं, खाली दार वाजतंय. मी टेप बंद करून जिन्यापर्यंत जाऊन आलो. दार कोणी वाजवत नव्हतं. परत टेप लावली तर पुन्हा ठक ठक. तो त्याचा पाय होता. १९४८ साली डेट्रॉइटमध्ये त्याची पहिली रेकॉर्ड झाली तेव्हा ड्रम वाजवायला कोणी नव्हतं, पायाखाली फळी ठेवून पायाचाच आवाज टिपला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळलं होतं की हा माणूस स्वतःच्या घरात एकटा बसून वाजवतोय आणि त्याला कसलीही घाई नाही. ब्लूजचं ठरलेलं बारा बारचं आवर्तन (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक तुकडा) त्याच्याकडे कधी अकराचं व्हायचं, कधी साडेतेराचं. ओळ संपली की गिटारला जे सांगायचंय ते सांगून झाल्याशिवाय तो पुढे जायचाच नाही.

आणि त्याच हुकरला गुरू मानणारा मी, तीन शनिवार-रविवार खपून, बटण दाबून लावलेल्या ठेक्यावर एक संथ ब्लूज रेकॉर्ड करून काकाजींना ऐकवायला गेलो होतो.

नागपुरात राहून ब्लूज ऐकायचा म्हटलं तर कापूस सुटत नाही. मिसिसिपीच्या काठच्या ज्या सपाट काळ्या मातीत हे गाणं रुजलं ती सगळी कापसाची जमीन. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि तिकडचे व्यापारी आपल्या वऱ्हाडाकडे वळले. भाव चढले, युद्ध संपल्यावर तसेच कोसळले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली, आणि या शहराच्या कितीतरी घरांत भोंग्यावर स्वयंपाक होऊ लागला. तिकडच्या गुलामांच्या नातवंडांनी जे गाणं केलं आणि इकडच्या गिरणीकामगाराच्या छातीत जे बसलं, ते एकाच बोंडातून निघालेलं आहे. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा नुसती माहिती होती. २०१७ च्या हिवाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या मामाच्या शेतात गेलो तेव्हा ती अंगावर आली. वरून हिरवंगार दिसणारं बोंड मामानं अंगठ्यांनी फोडलं आणि तळहातावर धरलं. आत कवडी झालेला, पिवळा पडलेला कापूस, आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. मामा काही बोलला नाही. नुसता हात पुढे करून उभा राहिला. त्या क्षणी मला मिसिसिपीचा जुना ब्लूजवाला चार्ली पॅटन आठवला. बोंडं पोखरणाऱ्या सोंडकिड्यावर त्यानं १९२९ साली एक गाणं रेकॉर्ड केलंय. कीड वेगळी, देश वेगळा, बोंडातला अंधार तोच. आणि मामाच्या हातावर अळी असताना आपल्याला गाणं आठवतंय याची मला लाजही वाटली. ती लाज अजून आहे. गाणंही आहे.

आता कीबोर्डबद्दल. तो माझ्या मुलीचा, एकसष्ट पट्ट्यांचा. सहावीत असताना क्लाससाठी घेतला होता. तिनं स्वतः कागदाच्या बारीक चौकोनी चिठ्ठ्या कापून, निळ्या स्केचपेननं सा रे ग म लिहून पट्ट्यांवर चिकटवल्या होत्या. काळ्या पट्ट्यांवर कोमल स्वरांच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, सगळं बाईंनी शिकवलं तसं काटेकोर. दहावीला क्लास सुटला, आता ती पुण्याला शिकते. कीबोर्ड दिवाणाखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडला होता. ड्रमसेट घरात ठेवायला जागा नाही, असती तरी महालातल्या त्या गल्लीत कोणी वाजवू दिला नसता, आणि माझ्या ओळखीतला एकमेव ड्रमर केव्हाच नोकरीसाठी बंगळुरूला गेला. म्हणून एका उन्हाळ्यात मी ती चादर सोडली. चिठ्ठ्या अजून तशाच होत्या. काहींचे कोपरे उचलले गेले होते, सा वरचा सा बोटांनी पुसून फिका झाला होता.

उन्हाळा म्हटलं ते मुद्दाम. नागपूरच्या मे महिन्यात घरी रेकॉर्डिंग करणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. कूलर चालू असेल तर माइकमध्ये दुसरं काही येतच नाही. पंख्याची घरघर, पंपाचं गुळगुळणं, वाळ्यावरून पाणी टपकतं ते टपटप. म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. चार मिनिटांचं गाणं वाजवून होईस्तोवर बनियन गिटारच्या पाठीला चिकटलेलं असतं, तारा उतरलेल्या असतात, आणि हाताच्या घामानं महिन्याभरात त्यांना गंज चढतो. एक टेक, मग पाच मिनिटं कूलर, ओल्या वाळ्याचा तो वास छातीभर घ्यायचा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा सगळं बंद. अशा वेळी बटण दाबलं की न चुकता वाजणारा ठेका हा मोठा आधार वाटतो. तो दमत नाही, त्याला घाम येत नाही, बाराव्या टेकलाही पहिल्यासारखाच वाजतो.

त्या तयार ठेक्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यामागेही माणसंच असतात. १९८१ साली कॅसिओनं एमटी-४० नावाचा एक छोटा कीबोर्ड काढला. त्यातले ठेके हिरोको ओकुदा या कंपनीत नव्यानं लागलेल्या तरुणीनं बसवले होते. त्यातला एक चार वर्षांनी जमैकात पोचला आणि १९८५ नंतर तिथल्या रेगेचं वळणच बदललं. टोकियोतल्या एका मुलीनं एकदा बसून केलेली गोष्ट समुद्रापलीकडच्या पोरांनी आपली केली. त्यामुळे खोटे ड्रम म्हणजे खोटं संगीत हे मला पटत नाही. माझी अडचण आवाजाची नव्हतीच. काकाजींनीही आवाजाबद्दल काही म्हटलं नव्हतं. ते थांबण्याबद्दल बोलले होते.

ब्लूजची चाल, ज्याला शफल म्हणतात, ती सांगायला सोपी आहे. एका मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. टांऽट, टांऽट. आपल्याकडे तिस्र, म्हणजे तीन-तीनच्या अंगानं चालणारं काही ज्यानं ऐकलंय त्याच्या पायाला ती लगेच सापडते. पण तो तिसरा तुकडा नेमका किती उशिरा पडायचा हे कोणी लिहून देऊ शकत नाही. जरा लवकर पडला तर गाणं मान ताठ करून चालायला लागतं, जरा उशिरा पडला तर घोडागाडी होते. त्या दोन्हींच्या मध्ये जो झोल असतो तो माणसागणिक वेगळा, आणि एकाच माणसाचा पहिल्या कडव्यात वेगळा, शेवटच्या कडव्यात वेगळा. शिकागोत लिटल वॉल्टर, मडी वॉटर्स या ब्लूजवाल्यांच्या रेकॉर्ड्सवर वाजवणारा ड्रमर फ्रेड बिलो मूळचा जॅझवाला, हाताचा पक्का तयार. ब्लूजवाल्यांत आल्यावर सुरुवातीला त्यालाही ते जड गेलं होतं. कारण तिथे मात्रा मोजून भागत नाही, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

तोंडाकडे बघावं लागतं. हे वाक्य मनात आलं आणि मी उठून काकाजींकडे गेलो.

त्यांच्या बैठकीत खिळ्याला खंजिरी टांगलेली असते. विदर्भात खंजिरी म्हटलं की तुकडोजी महाराज आलेच. काकाजी त्यांच्या भजनांवरच वाढलेले, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला अजून जातात. मी विषय काढला. साच्यासारखं म्हणजे कसं, काकाजी? त्यांनी उत्तर दिलं नाही. खंजिरी काढली, चामड्यावर बोट मारून पाहिलं. वाळून पार चढली होती, टणटण वाजत होती. तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून त्यांनी चामड्यावर फिरवली, परत मारून पाहिली, परत थोडं पाणी. आवाज हळूहळू खाली आला, पोकळ आणि ओला झाला. मग ते गायला लागले. आवाज आता राहिलेला नाही, पण ओळ कुठे टाकायची ते पक्कं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांना खोकला आला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. बोटं थांबली नाहीत. ती चामड्यावरून उठली, आणि नुसत्या मनगटानं कडेच्या चकत्या हलत राहिल्या, छुन छुन, छुन छुन, अगदी हलक्या, जणू कोणाची वाट बघत दारात उभं राहावं तशा. खोकला सरला, त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि पहिल्या अक्षरासोबत बोटं चामड्यावर आली. किती मात्रा गेल्या ते मी मोजलं नाही. कुठे काही तुटलंय असं वाटलंच नाही.

खंजिरी मांडीवर ठेवून ते म्हणाले, "गानारा आन् वाजवनारा एकच असला का भांडन नाही." मग जरा थांबून, "साचा वाईट नसते, बाबू. पोट त्यानंच भरलं. पन तो आयकत नाही. तान्याचं सूत तुटलं तरी त्याचं खटखट चालूच. आपल्यालेच आवाजावरून समजा लागे का कुठं तरी तुटलं."

घरी येताना ते शेवटचं वाक्य मी जिन्यावरच दोनदा मनात म्हटलं. कारण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं तेच झालं होतं. सूत तुटलेलं होतं, ठेका चालू होता, आणि मला ऐकू आलं नव्हतं.

१७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी तिथे कायदा आला आणि त्यात गुलामांना ढोल-कर्णे वाजवायला, बाळगायला बंदी झाली, कारण ढोलावरून निरोप जातात अशी मालकांना भीती होती. ढोल काढून घेतले तेव्हा लोकांनी मांड्यांवर, छातीवर, टाळ्यांवर, पायांवर ठेका धरला. हुकरच्या पायाखालची फळी मला त्या लांबच्या साखळीतली वाटते. ठेका अंगात गेला म्हणून तो अंगासारखा झाला. दमणारा, श्वास घेणारा, गाणाऱ्याच्या छातीसोबत वरखाली होणारा. काकाजींची खंजिरी निराळ्या मुलखातून आलेली, निराळ्या भक्तीतून आलेली, पण तीही गाणाऱ्याच्याच हातात असते. आणि मी मात्र आधी ठेका लावायचो, मग त्याच्या पाठीवर गिटार ठेवायचो, मग त्याच्या वर गळा. घर उलटं बांधत होतो म्हणा ना.

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी ड्रम नाहीच. आमच्या घरी सणावारी जेवायला काढतात ते जुने सागवानी पाट आहेत. त्यातला एक माडीवर नेला, पायात कोल्हापुरी चप्पल घातली, टाच पाटावर ठेवली, आणि नुसती गिटार, गळा आणि टाच एवढंच रेकॉर्ड केलं. मात्रा मोजून देणारा मेट्रोनोम नाही, काही नाही. एकदा ऐकलं, सोडून दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. मग कीबोर्ड मांडीवर घेतला, तयार ठेक्याचं बटण बंद ठेवलं, आणि बोटांनी ड्रम वाजवायला बसलो. कानात माझंच गाणं.

पट्ट्यांवर ड्रम लावले, म्हणजे प्रत्येक पट्टीतून एकेक ड्रम वाजेल असं केलं, की मुलीच्या चिठ्ठ्यांना वेगळाच अर्थ येतो. डावीकडच्या पहिल्या सा वर पायाचा ढोल. रे वर स्नेअर, म्हणजे काठीनं वाजवायचा कडकडीत छोटा ड्रम. तीव्र मध्यमावर मिटलेला हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, कोमल निषादावर उघडा. ही मांडणी १९९१ साली ठरली आणि तेव्हापासून बहुतेक कीबोर्डांवर तीच आहे. ब्लूजचा सगळा जीव कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधल्या फटीत असतो, आणि ती फट कीबोर्डवर कुठे नाही; गिटारवर तार ओढून ती काढावी लागते. पण ड्रमच्या मांडणीत त्या कोमल गांधारावर टाळी आहे. हातांची टाळी! पहिल्यांदा चुकून बोट पडलं आणि ती वाजली तेव्हा मी दचकलो. नुसत्या आडव्या रेघेवरच्या ग मधून टाळी यावी, आणि ती रेघ सहावीतल्या आपल्या मुलीनं पट्टी लावून ओढलेली असावी, हे बघत मी थोडा वेळ तसाच बसलो होतो.

पहिले आठ दिवस वाईट गेले. बोटं गाण्याच्या मागे धावत. मी तालाचा पक्का आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं, कारण मशीनबरोबर वाजवताना मी कधी चुकायचो नाही. आता मशीनच्या जागी मी होतो आणि समोर माझंच गाणं होतं. पाचव्या बारला, दुसरा कॉर्ड येतो तिथे, मी दरवेळी पुढे पळतो. जणू ती जागा आपल्याआधी कोणी घेऊन टाकेल. आणि गायलेली ओळ संपली की मी थांबतो. थोडाथोडका नाही, जवळजवळ एक मात्रा जास्त. मग गिटारचं उत्तर येतं. तीन शनिवार-रविवार मशीनवर केलेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये ही थांबण्याची जागाच नव्हती. तिथे माझी गिटार प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर द्यायला उठत होती. तुटलेलं सूत ते होतं. आणि असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

हळूहळू जमायला लागलं. तो थांबणार हे बोटांना कळायला लागलं. तो म्हणजे मीच, पण बोटांना तो दुसरा वाटावा लागतो, नाहीतर ती ऐकत नाहीत. ओळ संपत आली की मी रे सोडून द्यायचो, नुसता तीव्र मध्यम दोन बोटांनी आळीपाळीनं, हलका, चाललेला ठेवायचो, आणि गिटार बोलली की पुन्हा सा-रे वर यायचो. ते कुठून शिकलो हे सांगायला नको. बाकीच्या युक्त्या करून करून कळल्या. एकच स्नेअर सारखा मारला की तो टाइपरायटर वाटतो, म्हणून रे वरचा आणि शुद्ध ग वरचा असे दोन स्नेअर आलटून पालटून घ्यायचे. कीबोर्डमध्ये ब्रशचा संच असेल तर तो घ्यायचा आणि हलक्या हातानं वाजवायचा. वायर लावून थेट लॅपटॉपमध्ये घेतलेले ड्रम फार स्वच्छ येतात, वेगळ्या खोलीत बसल्यासारखे. त्यापेक्षा कीबोर्डचाच स्पीकर लोखंडी कपाटाकडे तोंड करून ठेवायचा, आणि माइक गिटारसाठी होता तिथेच राहू द्यायचा. मग त्याच खोलीतली हवा, तेच कपाटाचं किंचित थरथरणं ड्रमलाही लागतं. न्हाणीघरातही ठेवून पाहिलं, घुमारा छान येतो, पण नळ गळतो आमचा.

तरी मनातली एक बोच गेलेली नाही. शहरात ऑर्केस्ट्रा असायचे तेव्हा ढोलक, कोंगो, ड्रम वाजवणारी पाच-पाच माणसं रंगमंचावर दिसत. आता एक ऑक्टोपॅड आणि एक कीबोर्ड असतो, कधी तेही नाही, पेन ड्राइव्ह. ज्या यंत्रानं त्या हातांचं काम नेलं तेच यंत्र मी आवडीनं मांडीवर घेतो. माझ्याकडे दुसरा इलाज नाही हे खरं, आणि समोर जिवंत ड्रमर बसला असता, त्यानं माझ्या तोंडाकडे बघून काठी वर धरून ठेवली असती, तर हे सगळं मी आनंदानं दिवाणाखाली परत सरकवलं असतं हेही खरं. बोटांखालचा स्नेअर कितीही सांभाळला तरी तो कुठल्या तरी परक्या स्टुडिओत एकदाच मारलेला फटका आहे. काकाजी चामड्याला पाणी लावतात. मला पाणी लावायला चामडंच नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर एका संध्याकाळी मी पुन्हा इअरफोन घेऊन त्यांच्या गॅलरीत गेलो. कडुलिंबाखाली ओली माती, हवा एकदाची उतरलेली. त्यांनी इअरफोन घातले, डोळे मिटले, ऐकायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा. पहिलं आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात त्यांनी एकदम डोळे उघडले. "हे कोन खोकललं?"

मी म्हटलं, तुम्हीच. पाटावर टाच ठेवून मी ते वाजवलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते, भिंतीपलीकडून खोकला आला आणि माइकनं घेतला. ओळ संपून मी थांबलो होतो, नेमका त्याच जागी. नंतर लॅपटॉपवर मी तो कापून पाहिला होता. कापला की तिथे खड्डा पडत होता, म्हणून परत ठेवला. आणि ड्रम वाजवताना त्या जागी माझी बोटं आपोआप रे सोडून वर गेली होती, नुसती छुन छुन.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत हे सगळं ऐकून घेतलं. उजव्या कानातला इअरफोन निसटत होता तो बोटानं नीट बसवला.

"मांगं घे बरं थोडं," ते म्हणाले. "त्याच्या आधीपासून लाव."